विश्लेषण : मक्तेदारीविरोधी खटल्यांना मुदत किती? फेसबुकपुढे ४६ अमेरिकी राज्ये का हरली?

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या दोन्ही कंपन्या फेसबुकने विकत घेतल्या, त्या स्पर्धक संपवण्यासाठीच, असा आरोप करत अमेरिकेतील ४६ राज्यांनी एकत्र येऊन खटला भरला. त्यांच्यासोबत राजधानी वॉशिंग्टन डीसी आणि ग्वाम हा प्रदेशही होता. मात्र ही खरेदी बेकायदा होती की नाही, या प्रश्नापर्यंत खटला पोहोचलाच नाही. ‘तुम्ही फार उशिरा आलात’, असे सांगून न्यायालयाने राज्यांना परत पाठवले. त्याच दिवशी, त्याच खरेदीविरुद्ध, त्याच न्यायालयात आलेल्या केंद्रीय यंत्रणेला मात्र उशिराचा हा आक्षेप लागू झाला नाही. असे का झाले? मक्तेदारीविरोधी खटल्यांना नेमकी मुदत किती असते? आणि भारतात काय नियम आहे?

नेमके काय घडले?

फेसबुकने एप्रिल २०१२ मध्ये इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. तेव्हा इन्स्टाग्राममध्ये अवघे १३ कर्मचारी होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सॲपसाठी १,९०० कोटी डॉलरचा व्यवहार जाहीर झाला. हे दोन्ही व्यवहार गुपचूप झाले नव्हते. जगभरातील वर्तमानपत्रांत त्यांच्या पहिल्या पानावर बातम्या आल्या. इन्स्टाग्रामच्या व्यवहाराची फेडरल ट्रेड कमिशन म्हणजे एफटीसी या केंद्रीय नियामकाने चौकशीही केली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये कोणतीही कारवाई न करता ती बंद केली.

त्यानंतर ९ डिसेंबर २०२० रोजी एफटीसीने आणि न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या नेतृत्वाखाली राज्यांनी वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात दोन स्वतंत्र दावे दाखल केले. ‘स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणे बरे’, अशा अर्थाचा मार्क झकरबर्ग यांचा २००८ मधील ईमेल त्यात पुरावा म्हणून मांडण्यात आला होता. या व्यवहारांमुळे वापरकर्त्यांना गोपनीयतेची काळजी घेणारे पर्याय उरले नाहीत, असे राज्यांचे म्हणणे होते. गरज पडल्यास कंपनीची विभागणी करावी, अशीही मागणी होती.

२८ जून २०२१ रोजी न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी दोन्ही दावे फेटाळले. पण त्यात फरक होता. एफटीसीला त्यांनी दावा सुधारून पुन्हा आणण्याची संधी दिली. कंपन्यांच्या खरेदीबाबतचा राज्यांचा दावा मात्र उशिराच्या कारणावरून निकालात काढला. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २७ एप्रिल २०२३ रोजी हा निर्णय कायम केला.

कायद्यात मुदत किती?

याचे उत्तर दावेदार काय मागतो, यावर अवलंबून आहे. मागणी पैशांची, म्हणजे नुकसानभरपाईची असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्पष्ट मुदत आहे, चार वर्षे. क्लेटन कायद्यात ही तरतूद १९५५ मध्ये करण्यात आली. त्यापूर्वी केंद्रीय कायद्यात अशी मुदतच नव्हती. त्यामुळे ज्या राज्यात खटला चालेल, तेथील मुदत उसनी घेतली जायची आणि एकाच प्रकारच्या दाव्याला एका राज्यात एक मुदत, शेजारच्या राज्यात दुसरी, असा गोंधळ होता.

ही चार वर्षांची मुदत व्यक्ती आणि कंपन्यांना लागू आहे, तशीच राज्यांनाही आहे. १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर राज्याचे अॅटर्नी जनरल आपल्या रहिवाशांच्या वतीने, एखाद्या पालकाप्रमाणे, केंद्रीय न्यायालयात तिप्पट भरपाई मागू शकतात. त्यांनाही ही चार वर्षांची अट पाळावी लागते. याशिवाय जवळजवळ प्रत्येक राज्याचा स्वतःचा मक्तेदारीविरोधी कायदा असतो. कॅन्सासने तर असा कायदा १८८९ मध्ये, केंद्राच्या शर्मन कायद्याच्या एक वर्ष आधी केला होता. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि टेक्सास या मोठ्या राज्यांच्या कायद्यांतही भरपाईच्या दाव्यासाठी मुदत चार वर्षांचीच आहे.

पण मागणी पैशांची नसून ‘हे थांबवा’ किंवा ‘कंपनी वेगळी करा’ अशा आदेशाची असेल, तर? त्यासाठी क्लेटन कायद्याचे कलम १६ आहे आणि त्यात मुदतीचा उल्लेखच नाही. फेसबुकविरुद्ध राज्यांनी याच कलमाचा आधार घेतला होता. म्हणजे कागदावर पाहिले तर त्यांच्यासमोर कोणतेही घड्याळ नव्हते. तरीही ते हरले.

घड्याळ कधी सुरू होते?

सर्वसाधारण नियम असा, की ज्या कृत्याने नुकसान झाले ते कृत्य घडले, त्या दिवसापासून चार वर्षे मोजायची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये झेनिथ रेडिओच्या खटल्यात हे स्पष्ट केले. मात्र त्याला अपवाद आहेत.

पहिला अपवाद सुरूच राहिलेल्या गैरकृत्याचा. समजा, काही कंपन्यांनी संगनमताने २०१३ ते २०१८ या काळात एखाद्या वस्तूचा भाव चढा ठेवला. त्या चढ्या भावाने झालेली प्रत्येक विक्री हे नवे कृत्य धरले जाते आणि तिच्यासाठी नवे घड्याळ सुरू होते. म्हणून २०२१ मध्ये दावा केला तर २०१७ पासून पुढच्या खरेदीची भरपाई मागता येते. २०१४ मधील खरेदीचे पैसे मात्र बुडाले. जुन्या नुकसानीला नव्या विक्रीच्या शेपटाला बांधून आणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बजावले आहे.

दुसरा अपवाद लपवाछपवीचा. आरोपीनेच गैरप्रकार दडवून ठेवला असेल, तर तो उघड होईपर्यंत घड्याळ थांबवता येते. तिसरा अपवाद केंद्र सरकारच्या खटल्याचा. केंद्राने एखाद्या कंपनीविरुद्ध मक्तेदारीविरोधी कारवाई सुरू केली, तर ती चालू असेपर्यंत आणि संपल्यानंतर आणखी एक वर्ष त्याच विषयावरच्या राज्यांच्या आणि खासगी दाव्यांची मुदत थांबून राहते.

मग राज्ये कशावर अडकली?

‘लॅचेस’ या जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वावर. हक्क असूनही जो स्वस्थ बसून राहतो आणि त्याच्या स्वस्थ बसण्यामुळे समोरच्याचे नुकसान होते, त्याच्या मदतीला न्यायालय येत नाही, हे ते तत्त्व. कलम १६ मध्ये लिखित मुदत नसली तरी त्याखाली मिळणारा आदेश हा न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. त्यामुळे हे तत्त्व तेथे लागू होते. किती उशीर म्हणजे फार उशीर, हे ठरवताना न्यायालये भरपाईच्या चार वर्षांचीच फूटपट्टी वापरतात.

फेसबुकच्या प्रकरणात इन्स्टाग्रामच्या व्यवहाराला आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि व्हॉट्सॲपच्या व्यवहाराला सहा वर्षांहून अधिक. दोन्ही व्यवहार जगजाहीर होते. अॅटर्नी जनरलना चौकशीचे भरपूर अधिकार होते. मधल्या काळात फेसबुकने या दोन्ही सेवांमध्ये पैसा ओतला आणि त्या आपल्या व्यवसायात मिसळून घेतल्या. आता त्या वेगळ्या करायला लावणे कंपनीवर अन्याय ठरेल, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सोप्या मराठीत, बैल गेला अन् झोपा केला.

कंपन्या विकत घेतल्या, इतक्यावर घड्याळ थांबत नाही, त्या हाती ठेवणे हेसुद्धा सुरू असलेले गैरकृत्य आहे, असाही युक्तिवाद राज्यांनी केला. न्यायालयाने तो मान्य केला नाही.

राज्य सार्वभौम असते, मग सूट का नाही?

हा या खटल्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ‘राजाविरुद्ध काळ धावत नाही’ असे एक जुने इंग्रजी कायदेवचन आहे. सरकार जनतेच्या वतीने न्यायालयात येते. अधिकाऱ्यांच्या ढिलाईची शिक्षा जनतेला का, हा त्यामागचा विचार. अमेरिकेच्या केंद्र सरकारला या तत्त्वाचा पूर्ण लाभ मिळतो. राज्यांचे म्हणणे होते, की आम्हीही सार्वभौम आहोत आणि आम्हीही जनतेच्या वतीनेच आलो आहोत, तेव्हा आम्हालाही तोच न्याय हवा.

न्यायालयाने याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत शोधले. केंद्र सरकारसाठी कायद्यात वेगळे कलम आहे. कलम १६ मात्र ‘कोणतीही व्यक्ती, संस्था, महामंडळ’ अशा सर्वांसाठी आहे आणि राज्ये या दरवाजातून आत येतात ती ‘व्यक्ती’ या शब्दाच्या आधारे. खासगी दावेदाराच्या दरवाजाने आत यायचे, तर त्याला लागू असलेल्या अटीही पाळायला हव्यात.

येथे राज्यांच्या जुन्या विजयानेच त्यांचा घात केला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने सर्वोच्च न्यायालयात एक मोठा खटला जिंकला होता. अमेरिकन स्टोअर्स या किराणा दुकानांच्या साखळीने लकी स्टोअर्स ही प्रतिस्पर्धी साखळी विकत घेतली होती. झालेला व्यवहार मोडून कंपनी वेगळी करण्याचा आदेश राज्यांनाही कलम १६ खाली मागता येतो, असा निर्वाळा त्या खटल्यात मिळाला. मात्र त्याच निकालात, उशिरा येणाऱ्या दावेदारांविरुद्ध लॅचेसचा बचाव उपलब्ध राहील, असेही न्यायालयाने नमूद केले होते. आणि तेथे दावेदार खुद्द एक राज्यच होते! त्या प्रकरणात एफटीसीने अंतिम मंजुरी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सप्टेंबर १९८८ मध्ये, कॅलिफोर्नियाने न्यायालय गाठले होते. एकीकडे एक दिवस आणि दुसरीकडे सहा-आठ वर्षे, अशी ही तुलना आहे.

केंद्राला मात्र किती काळ मोकळीक?

जवळजवळ अमर्याद. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्सचे. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीने १९१७ ते १९१९ या काळात जनरल मोटर्सचे सुमारे २३ टक्के समभाग घेतले. केंद्र सरकारने त्याविरुद्ध खटला भरला तो १९४९ मध्ये, म्हणजे ३० वर्षांनी. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरकारच्या बाजूने कौल दिला. खरेदीच्या वेळी धोका दिसत नसला आणि तो पुढे दिसू लागला, तरी सरकार कारवाई करू शकते, हे या निकालाने प्रस्थापित झाले.

फौजदारी खटल्यांत मात्र केंद्रालाही मुदत आहे. भाव ठरवण्याच्या संगनमतासारख्या गुन्ह्यांसाठी ती पाच वर्षांची आहे. केंद्राला स्वतःच्या खरेदीत झालेल्या नुकसानीची भरपाई मागायची असेल, तर तेथेही चार वर्षांची अट आहेच.

मुदतीची अडचण नसलेले केंद्र तरी जिंकले का?

नाही, आणि या प्रकरणातील खरी मेख येथेच आहे. एफटीसीने ऑगस्ट २०२१ मध्ये सुधारित दावा आणला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने तो पुढे चालवण्यास परवानगी दिली. प्रत्यक्ष सुनावणी एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायाधीश बोसबर्ग यांनी मेटाच्या, म्हणजे पूर्वाश्रमीच्या फेसबुकच्या बाजूने निकाल दिला. कंपनीची पूर्वी मक्तेदारी होती का, यापेक्षा ती आज आहे का, हे एफटीसीने सिद्ध करायला हवे होते, असे न्यायालयाने म्हटले. दरम्यान टिकटॉक आणि यूट्यूबने बाजाराचे चित्र बदलून टाकले होते.

म्हणजे राज्यांना कायद्याच्या घड्याळाने अडवले आणि केंद्राला बाजाराच्या. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात पाच-सात वर्षांत बाजाराची व्याख्याच बदलते. त्यामुळे मुदतीतून सूट असणे आणि वेळेवर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे या निकालाने दाखवून दिले.

गुपचूप संगनमताच्या खटल्यांत चित्र वेगळे का?

कंपनीची खरेदी सर्वांसमक्ष होते, संगनमत बंद दाराआड. त्यामुळे संगनमताच्या दाव्यांत ‘आम्हाला कळलेच उशिरा’ हा मुद्दा बराच वजनदार ठरतो. अमेरिकेत जेनेरिक औषधांच्या किमतींवरून राज्यांनी भरलेले खटले याच प्रकारातले आहेत आणि त्यांचा धागा मुंबईपर्यंत येतो. डिसेंबर २०१६ मध्ये कनेटिकटच्या पुढाकाराने २० राज्यांनी पहिला दावा केला. मे २०१९ मध्ये ४० हून अधिक राज्यांनी तेवा आणि इतर कंपन्यांविरुद्ध शंभराहून अधिक औषधांबाबत दुसरा दावा केला. त्यातील प्रतिवादींमध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या ल्युपिन आणि ग्लेनमार्क यांच्या अमेरिकी उपकंपन्यांचाही समावेश आहे. राज्यांच्या दाव्यातील हे आरोप आहेत.

याच क्षेत्रातील केंद्राच्या स्वतंत्र फौजदारी कारवाईत ग्लेनमार्कच्या अमेरिकी उपकंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी समझोता केला. प्रॅव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील औषधाच्या प्रकरणात तीन कोटी डॉलर भरण्याचे तिने मान्य केले. अशा प्रकरणांत मुदत कधी सुरू झाली, या एका तारखेवर किती वर्षांची भरपाई द्यायची हे ठरते. म्हणूनच दोन्ही बाजूंचे वकील त्या तारखेसाठी सर्वाधिक झगडतात.

भारतात काय स्थिती?

भारतात राज्य सरकारे थेट न्यायालयात मक्तेदारीविरोधी खटला भरत नाहीत. स्पर्धा कायदा, २००२ नुसार भारतीय स्पर्धा आयोग चौकशी करतो. मात्र कलम १९ नुसार केंद्राप्रमाणेच राज्य सरकारही आयोगाकडे प्रकरण पाठवू शकते. म्हणजे सरकारी खरेदीच्या निविदांमध्ये पुरवठादारांनी संगनमत केल्याचा संशय आला, तर महाराष्ट्र किंवा गोवा सरकारलाही आयोगाचा दरवाजा ठोठावता येतो. गैरप्रकार सिद्ध झाल्यानंतर भरपाईसाठी राज्य सरकार अपील न्यायाधिकरणाकडे अर्जही करू शकते.

या मार्गावर २०२३ पर्यंत मुदतीचा अडसर नव्हता. २०२३ च्या दुरुस्तीने तो आणला. आता कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत आयोगाकडे माहिती किंवा प्रकरण पोहोचायला हवे. उशीर झाला तर त्याचे पुरेसे कारण द्यावे लागते आणि आयोग ते पटल्यास लेखी कारणे नोंदवून उशीर माफ करू शकतो. यात सरकारसाठी वेगळी सवलत नाही. सामान्य ग्राहक, व्यापारी संघटना आणि राज्य सरकार, सर्वांना मुदत तीच.

कंपन्यांच्या विलीनीकरणाबाबत नियम आणखी कडक आहे. व्यवहार प्रत्यक्षात आल्यापासून एक वर्षानंतर आयोगाला त्याची स्वतःहून चौकशी सुरू करता येत नाही. म्हणजे फेसबुकसारखा आठ वर्षांपूर्वीचा व्यवहार भारतात या तरतुदीखाली उकरून काढणे शक्यच नाही. म्हणून येथे भर व्यवहार होण्यापूर्वीच्या तपासणीवर आहे. पूर्वी ही तपासणी कंपन्यांची मालमत्ता आणि उलाढाल यांवर ठरत असे. त्यामुळे उलाढाल नगण्य पण वापरकर्ते कोट्यवधी, अशा डिजिटल कंपन्यांचे मोठे व्यवहार चाळणीतून निसटत. सप्टेंबर २०२४ पासून व्यवहाराचे मूल्य २,००० कोटी रुपयांपेक्षा अधिक असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात लक्षणीय व्यवसाय असेल, तर आयोगाची मंजुरी आधीच घ्यावी लागते.

अमेरिकी राज्यांनी काय धडा घेतला?

उशीर टाळायचा तर माहिती लवकर मिळायला हवी. मोठ्या विलीनीकरणाची पूर्वसूचना आतापर्यंत केंद्रीय यंत्रणांकडे जायची. राज्यांना ती आपोआप मिळत नसे. वॉशिंग्टन राज्य आणि कोलोरॅडो यांनी २०२५ मध्ये कायदे करून हे बदलले. त्या राज्यांशी संबंधित मोठ्या व्यवहारांची केंद्राला दिलेली पूर्वसूचना आता कंपन्यांना राज्याच्या अॅटर्नी जनरलनाही द्यावी लागते.

२०२२ च्या अखेरीस अमेरिकी संसदेने राज्यांना आणखी एक अधिकार दिला. त्यांनी ज्या न्यायालयात मक्तेदारीविरोधी खटला भरला आहे, तेथून तो हलवून देशभरच्या खासगी खटल्यांसोबत एकाच ठिकाणी जोडता येणार नाही, अशी तरतूद झाली. त्यामुळे खटला रेंगाळण्याचे एक कारण कमी झाले.

मुदतीचा मूळ प्रश्न मात्र संसदेने सोडवलेला नाही. कलम १६ खाली येणाऱ्या राज्यांना केंद्राप्रमाणे सूट द्यायची असेल, तर कायद्याचे शब्द बदलावे लागतील. तोवर एखाद्या बड्या कंपनीने उगवता स्पर्धक विकत घेतला आणि केंद्रीय नियामकाने त्याकडे काणाडोळा केला, तर राज्यांच्या हाती साधारण चार वर्षे उरतात. त्या काळात ते नुसते पाहत राहिले, तर पुढे कितीही भक्कम पुरावे मिळाले, तरी कंपनी वेगळी करण्याची मागणी न्यायालयाच्या उंबऱ्यावरच अडण्याची शक्यता मोठी आहे.